ज्वारीच्या खोडमाशीवर औषध नको, वाण द्या

संपादक साहेब, नमस्कार,

कीड म्हटलं की पेपरात कापसाची बोंडअळी नाहीतर मक्यावरची लष्करी अळी, ज्वारीच्या खोडमाशीबद्दल कुणी बोलतच नाही राव. पीक उगवून महिनाही होत नाही तोवर अळी कोवळ्या पोंग्यात शिरते आणि मधला शेंडा वाळून जातो, आमच्याकडे त्याला पोंगेमर म्हणतात. पेरणी लांबली तर विचारूच नका.

1964 ला पहिलं हायब्रीड सीएसएच-1 आलं, उत्पन्न वाढलं हे खरंच, पण अशी वाणं खोडमाशीला लवकर बळी पडायची. उलट आपली मालदांडी, म्हणजे मोहोळला निवडलेली एम 35-1, त्यामानाने तग धरते. ज्या वाणाची रोपं चकचकीत असतात आणि पानांवर बारीक लव असते तिथे माशी अंडी कमी घालते, एवढं साधं आहे (म्हणजे ऐकायला साधं, कारण हा गुण एका जनुकावर नाही, बऱ्याच जनुकांवर आहे, म्हणून ब्रीडिंगला वर्षानुवर्षं लागतात).

कोरडवाहूवाल्याला फवारणी परवडत नाही हो. राहुरी, परभणीच्या विद्यापीठांची चांगली वाणं आहेत, मग ती पेरणीच्या टायमाला दुकानात का मिळत नाहीत, तेवढं जरा छापा.

— एक ज्वारीवाला, मंगळवेढा