मांडवातला फ्लॅश

माननीय संपादक महोदय,

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्या तरुणांनी उत्तम बाह्य फ्लॅश घेतले, याचा मनापासून आनंद आहे. परंतु फ्लॅशचे डोके वर वळवून पांढऱ्या छतावरून प्रकाश परतवण्याची सभागृहातील रीत रंगीत कापडी मांडवात चालत नाही, कारण परतणारा प्रकाश कापडाचा रंग घेऊनच नवरीच्या चेहऱ्यावर उतरतो. कौलारू घरातले काळवंडलेले लाकूड तर तो गिळूनच टाकते. तेथे फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून, तो दुरून उडवणाऱ्या बिनतारी ट्रिगरने, प्रकाश मऊ करणाऱ्या पांढऱ्या छत्रीतून बाजूने द्यावा. फ्लॅशपासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश १/४ उरतो; त्यामुळे नाटकाला मागच्या रांगेतून फ्लॅश उडवल्यास पुढच्या प्रेक्षकांची डोकी तेवढी उजळतात आणि कलावंतांचे लक्ष विचलित होते. हे कृपया थांबवावे.

आपला,
एक छायाचित्रकार, वडसा (जि. गडचिरोली)