भाडोत्री नव्हे, भाडेकरू

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या, कोल्हापुरातल्या शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल सामन्याची आपली बातमी वाचली. तीन गोल झाले. दोघा गोल करणाऱ्यांची नावं दिलीत, सोबत त्यांची तालीमही, म्हणजे पेठेचा संघ. तिसरा गोल मात्र 'भाडोत्री परदेशी खेळाडूने' मारला. सकाळचा चहा काही गोड लागला नाही, म्हणून हे पत्र.

मी एसटीतला निवृत्त मेकॅनिक. मंगळवार पेठेत माडीवरची एक खोली भाड्याने देतो. 2018 च्या मोसमात एका फुटबॉल मंडळाची पोरं घानाच्या एका खेळाडूला घेऊन दारात आली. "काका, पाच महिन्यांचा तर प्रश्न आहे." तेव्हा परदेशी माणूस घरात ठेवला की 24 तासांत पोलिसांकडे त्याच्या माहितीचा सी फॉर्म भरायचा असे. त्या निमित्ताने त्याचा पासपोर्ट हातात आला. जुन्या गाडीच्या लॉगशीटसारखा, पानापानावर शिक्के. कुमासीहून निघालेला हा गडी ढाक्यात दोन मोसम खेळला, मग केरळात मलप्पुरमला सेव्हन्स, मग कोलकात्यात खेप. सेव्हन्स म्हणजे सात-सात जणांचा खेळ. कापणी झालेल्या शेतात तात्पुरती गॅलरी उभारून रात्री दिव्यांखाली सामने होतात. खेप म्हणजे एका सामन्यापुरती बोली. दोन्हीकडे हिशोब सामन्यागणिक. पाय दुखावला की त्या दिवसाची रोजी बुडाली.

पेठेत कुणालाच त्याचं नाव धड घेता येईना, म्हणून तो 'दहा नंबर' झाला. नाव तसं सोपं होतं. त्यांच्याकडे जन्मवारावरून नाव ठेवतात आणि हा शुक्रवारचा. आपल्याकडे सोमा, मंगळ्या, बुधा असतातच की! तांबड्या रश्श्याने पहिल्या दिवशी त्याच्या डोळ्यांत पाणी आणलं. पण आमच्या हिने मक्याच्या पिठाची घट्ट उकड करून दिली, तेव्हा हसला. त्यांच्या बांकूसारखी लागते म्हणाला.

सामन्याहून आला की जिन्यात बसून जुन्या टूथब्रशने बूट घासायचा आणि ओले बूट वाळायला आत कागदाचे बोळे कोंबायचा. एकदा बोळा उलगडून पाहिला, तर आपल्याच अंकाचं क्रीडा पान. त्यात तोच शब्द, भाडोत्री. त्याला मराठी वाचता येत नव्हतं हे बरंच.

एका रात्री माझा नातू मोबाईलवर 2010 च्या विश्वचषकातला उरुग्वे-घाना सामना बघत होता. जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी सुआरेझने गोलरेषेवर हाताने चेंडू अडवला, ग्यानची पेनल्टी आडव्या खांबाला लागली आणि मग शूटआउटमध्ये अब्रेऊने शेवटचा चेंडू अलगद चिपून मधोमध टाकला. माझा भाडेकरू उठून गच्चीवर निघून गेला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, आमच्या गल्लीत त्या रात्री कुणी जेवलं नव्हतं.

हा सेबास्तियन अब्रेऊ कोण? 2017 च्या अखेरीस चिलीतल्या आउदाक्स इतालियानोशी करार केला तेव्हा त्याचा तो 26 वा क्लब होता, आणि गिनीज बुकात नोंद झाली. पुढे क्लबांची संख्या तिशीपार गेली. जगाने त्याला 'एल लोको' म्हटलं, म्हणजे येडा, तेही लाडाने. ज्याची पेनल्टी हुकली तो असामोआ ग्यान इटली, फ्रान्स, इंग्लंड, अमिराती, चीन, तुर्कस्तान करत 2019 मध्ये गुवाहाटीला नॉर्थईस्ट युनायटेडकडे आला. तेव्हा सगळीकडे 'स्टार' छापून आलं. आणि 17 वर्षांखालील विश्वचषक खेळलेला आपला अनिकेत जाधव जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशाकडून खेळला तेव्हा आपली छाती फुगली. फुगायलाच हवी. मग पोटासाठी असंच गावोगाव फिरणारा आपल्या दारात आला की तो भाडोत्री कसा?

पेठेची पोरं जिवाचं रान करतात आणि बाहेरचे येऊन जागा अडवतात, ही तक्रार मला ठाऊक आहे. माझा पुतण्याच दोन मोसम बाकावर बसला. ती तक्रार मंडळांकडे करावी, कारण बोलावतात ती मंडळं.

त्या बोलावण्याचंही एकदा बघाच. अर्धे पैसे खेळाडू आल्यावर, उरलेले 'फायनल झाली की', सगळं तोंडी. सेमीफायनलला त्याचा गुडघा सुजला. पहिले दोन दिवस बर्फ घेऊन पोरं आली, नंतर फोनही उचलेनात. महिनाभर तो जिना बसून-बसून उतरायचा. उरलेले पैसे मिळालेच नाहीत. मंडळाचं नाव लिहीत नाही, आजही समोर भेटतात. परदेशी खेळाडूच काय, कुणाही खेळाडूशी कागदावर करार झाल्याशिवाय केएसएने, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने, त्याची नोंदणी करू नये, दुखापतीचा खर्च कुणी करायचा तेही त्यात लिहावं, एवढी सूचना या पत्राद्वारे करतो.

शेवटच्या महिन्याचं भाडं मी मागितलं नव्हतं. महालक्ष्मी एक्स्प्रेसला मीच सोडून आलो. दिवाळीनंतर मलप्पुरमहून माझ्या खात्यावर ते भाडं जमा झालं, पूर्ण.

त्याला न विचारता त्याचं नाव छापायला देत नाही. पण रविवारी ज्याने गोल मारला त्याचं नाव तुमच्या वार्ताहराने विचारून घ्यावं. उच्चार अडला तर त्याच्या घरमालकाला गाठा. पोलिसांकडे भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स प्रत्येकाकडे असते.

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक
मंगळवार पेठ, कोल्हापूर