बोंडाभोवतीचा काळा भाग मळ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ ते ७ ऑगस्टच्या स्तनपान सप्ताहात जत-आटपाडीपासून मिरजेपर्यंत आईच्या दुधाची थोरवी सांगणारे फलक लागतात. स्तनाच्या बोंडाभोवतीच्या काळ्या भागाविषयी मात्र कोणी बोलत नाही, आणि बाळंतिणीचे बरेचसे हाल तिथूनच सुरू होतात.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे त्या त्वचेत रंगद्रव्य वाढते, म्हणून ती गडद होते. तिच्यावरचे बारीक उंचवटे म्हणजे मॉन्टगोमेरी ग्रंथी. त्यांचा तेलकट स्राव त्वचा मऊ ठेवतो आणि त्याच्या वासाने नवजात बाळ स्तनाकडे तोंड वळवते. घरी हाच भाग मळ समजून साबणाने, डाळीच्या पिठाने खसखसून घासतात! तेलकटपणा जातो, त्वचा कोरडी पडून चिरते. रोजच्या आंघोळीचे पाणी पुरे, दर वेळी पाजण्याआधी धुऊ नये. उंचवटे पिळूही नयेत.

तरीही चिरा पडण्याचे मुख्य कारण बाळाची चुकीची पकड. नुसते बोंड तोंडात गेले की ते कडक टाळूवर घासते, आईला कळा येतात आणि बाळ उपाशी राहते. मग 'दूधच नाही' म्हणून बाटली येते. बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकवावे, डोके आणि पाठ एका रेषेत, नाक बोंडासमोर. वरच्या ओठाला बोंड लावून थांबावे. तोंड मोठे उघडताच बाळाला जवळ घ्यावे, आईने वाकू नये. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि काळा भाग वरून जास्त, खालून कमी दिसला की पकड जमली. हा भाग मुळात मोठा असेल तर सगळा तोंडात जात नाही, त्याची काळजी नको. दुखतच राहिले तर तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी घालून पकड सोडवावी, ओढू नये. स्तन ताठले असतील तर बोंडालगत बोटांनी छातीच्या दिशेने मिनिटभर हलका दाब द्यावा. काळा भाग मऊ पडतो, मग पाजावे.

एकाच बोंडावर खपली, खाज किंवा रक्तस्राव दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर मलमे लावत बसू नये. क्वचित तो कर्करोग असतो. कोणत्याही वयाच्या बाईने दाखवून घ्यावे.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई तिसऱ्या दिवशी गृहभेटीला जातात. त्या वेळी वजनासोबत एक पाजणे डोळ्यांनी पाहण्याची सूचना जिल्ह्याच्या आरोग्य विभागाने द्यावी.

— स्तनपान समुपदेशक, मिरज (जि. सांगली)