तात्या, गाडीचा रंग सापडला त्याबद्दल

प्रिय तात्या,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला लागलं की तुम्ही "बसा की, चहा घ्या" म्हणून विषय बदलता. म्हणून हे लिहूनच काढतोय, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहितोय. जुनी गाडी दारात उभी असलेल्या एखाद्याला यातलं थोडंफार उपयोगी पडेल, हाही त्यात स्वार्थ.

आमची फियाट अकराशे डिलाइट, १९६७ ची. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला. हीच गाडी पुढे पद्मिनी नावाने काळी-पिवळी टॅक्सी झाली, त्यामुळे हल्ली कुणालाही फियाट दाखवली की टॅक्सीच आठवते. उद्यमनगरात तुमच्याकडे रंगकामाला गाडी आली तेव्हा इंजिन झालं होतं, पत्र्याचं काम झालं होतं, राहिला होता फक्त रंग. आणि त्यावरूनच आमच्या घरात दोन तट पडले होते. बाबा म्हणत राखाडी होती, काका छातीठोकपणे सांगत निळी होती. आरसी बुकात रंगाच्या रकान्यात नुसतं 'ग्रे'. आता ग्रे म्हणजे ढगापासून म्हशीपर्यंत काहीही. त्यात लेकीनं मोबाइलवर इटलीतल्या गाड्या दाखवल्या, लाल अंग आणि वर पांढरं छत, आणि घरातली निम्मी मतं तिकडे गेली.

तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलंत आणि एवढंच म्हणालात, "थांबा जरा. बाजूची पट्टी काढू द्या."

ती चकचकीत पट्टी निघाली आणि तिच्या मागे, जिथं इतक्या वर्षांत ऊन पोचलंच नव्हतं, तिथं रंगाची एक रेघ तशीच शिल्लक होती. तिथंच क्लिपांच्या भोकांभोवती पाणी साठून पत्रा कुजायला लागला होता, तोही वेळेत दिसला. पण एका रेघेवर तुम्ही विश्वास ठेवला नाहीत. डिक्कीत स्टेपनीखाली, डॅशबोर्डच्या मागे आणि दरवाजाच्या रबराखाली बोटाएवढ्या जागेत पाणी पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, फिरवत बसलात. एकेक थर कापला जाऊन गोल कडी दिसायला लागली. वर पांढरा, मग चांगला जाड निळा, त्याखाली पातळ निळसर राखाडी, आणि तळाला प्रायमर. म्हणजे काका खोटं बोलत नव्हते. त्यांनी चालवली तेव्हा गाडी निळीच असणार. बाबांनी मात्र ती नवी पाहिली होती. घरातलं जुनं भांडण असं पेपर मारून मिटलेलं मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

दोन रंगांचा हट्ट आमच्या लग्नाच्या अल्बमनं मिटवला, तोही तुमच्याच डोक्यातून. आजोबांचा गाडीशेजारचा फोटो कृष्णधवल आहे, त्यात रंग काय कळणार, असं मला वाटत होतं. तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून बघितलंत. छत आणि दरवाजा एकाच छटेचे दिसताहेत. लाल-पांढरी असती तर छत उठून दिसलं असतं. विषय संपला. लेक हिरमुसली, पण सीटचं रेक्झिन तिनं निवडावं असं तुम्हीच सुचवलंत आणि तिला परत आपल्या बाजूला आणलंत.

खरं शिक्षण मला त्या मडगार्डनं दिलं. शेडकार्डावरचा रंग बोटानं दाखवून मी मोकळा होणार होतो. तुम्ही भंगारातलं एक जुनं मडगार्ड घेतलंत, त्यावर तीन नमुने मारलेत, खाली घासून उजळलेली पट्टी स्क्रूनं बसवलीत, शेजारी रेक्झिनचा तुकडा चिकटवलात. सपाट पत्र्यावर रंग एकच दिसतो, गोलाईवर तोच वर उजळ आणि खाली गडद होतो, हे तुम्ही बोलला नाहीत, नुसतं मडगार्ड फिरवून दाखवलंत. ट्यूबलाइटखाली मला आवडलेला नमुना सकाळच्या उन्हात हिरवट मारत होता. जुन्या रंगाशी ताडून बघण्याआधी त्याच्यावर कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट, घासून मेलेला थर काढायचा असतो, नाहीतर आपण धुरकटपणाच जुळवत बसतो, हेही तिथंच कळलं.

मग ड्यूको, म्हणजे जुना नायट्रोसेल्युलोज रंग, की पीयू, म्हणजे घट्ट होण्यासाठी हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग? जुन्या गाडीला जुनाच ड्यूको, असं म्हणणारे शौकीन मला भेटले आहेत आणि त्यांचं म्हणणं मला पटतंही. त्या रंगाला एक मऊ चमक असते. पण तो उन्हात लवकर पांढुरका पडतो, सारखं पॉलिश मागतो, आणि आमची गाडी दारात उभी राहणार. तुम्ही मधला रस्ता काढलात. हार्डनरचा पीयू, पण साधा, वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, नाही. मेटॅलिकला, म्हणजे चमचमत्या रंगाला, बहुतेक वेळा क्लिअर लागतो, साध्या रंगाला लागत नाही, आणि क्लिअर चढवला की १९६७ ची गाडी काचेत घातल्यासारखी दिसते. हा निर्णय मला सगळ्यात जास्त आवडला.

गणपतीला गाडी हवी म्हणून मी तुमच्या मागे लागलो होतो. पाऊस ओसरल्याशिवाय रंगाची फवारा गन हातात घेणार नाही, हे तुमचं ठाम उत्तर. हवेत ओल असली की ड्यूकोवर पांढरट धुकं येतं, पीयूच्या हार्डनरला पाणी लागलं की बुडबुडे. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल म्हणणारा माणूस धंद्यात कमी भेटतो. आणि हो, त्या हार्डनरचा फवारा छातीत जाऊ नये म्हणून हाताखालच्या पोराला तुम्ही चांगला मास्क घेऊन दिलात, साधा रुमाल चालवून घेतला नाहीत. त्याचेही आभार सांगा. रात्री उशिरापर्यंत पेपर मारणारा तोच होता.

काचांचं रबर न काढता टेप लावून मारू, म्हणजे खर्च वाचेल, असं दुसरीकडे सांगितलं होतं. तुम्ही काचा काढायलाच लावल्यात. टेपच्या कडेला रंगाची उभी धार राहते आणि पुढे पाणी तिथूनच शिरतं. खर्च वाढला, मी कुरकुरलो, तुम्ही दुर्लक्ष केलंत. बरं केलंत.

क्रोमच्या बाबतीत मात्र अजूनही आपलं जमत नाही. बंपरला तांबं, निकेल, क्रोम असं सगळं नव्यानं चढवलं, पण दारांचे हँडल तुम्ही जुनेच ठेवायला लावलेत. बारीक खड्डे पडलेत त्यांना. घासून घासून खड्डे गेले तर हँडलचा घाट पण जाईल, हे पटतं. तरी दार उघडताना माझं बोट तिथंच जातं. बाबांना त्यात काही खटकत नाही, ते रोज सकाळी फडकं मारतात आणि काकांना फोन करून 'राखाडी' असं ठासून सांगतात.

झाकणावर मिश्रण लिहून दिलेला उरलेल्या रंगाचा डबा नीट ठेवलाय, घट्ट बंद करून.

पुढच्या आठवड्यात माझा एक मित्र ॲम्बेसेडर घेऊन तुमच्याकडे येतोय. पत्ता मीच दिला. त्याला मेटॅलिक हवंय, शिवाय दिवाळीच्या आत. त्याला चहा द्या, पुढचं तुम्ही बघालच.

आपला,
फियाटवाला