रांगोळी पुरे, यादी वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक जवळ आली की सीमाभागातल्या शाळांच्या प्रभातफेऱ्या निघतात, चौकाचौकांत ‘मतदान आमचा हक्क’ अशा रांगोळ्या पडतात, 25 जानेवारीला मतदार दिनाची शपथ होते. त्यात वावगे काही नाही. पण मतदानाच्या दिवशी केंद्रावरून जी माणसे हात हलवत परततात, त्यांना मत द्यायचे नसते असे नाही. त्यांचे नाव यादीत नसते, किंवा दुसऱ्याच भागात असते, किंवा तीन वर्षांपूर्वी कुणी तरी वगळलेले असते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या निवडणूक अधिकाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच आहे की रांगोळीचा वेळ यादीच्या वाचनाला द्यावा, आणि तोही मुदत संपायच्या आत.

मुदतीबद्दलच मोठा गैरसमज आहे. मतदानाच्या आठवडाभर आधीपर्यंत नाव घालता येते, असे कितीतरी जण धरून चालतात. कायद्याने उमेदवारी अर्जाचा शेवटचा दिवस संपला की यादीला हात लावता येत नाही. शिवाय चौकशीला आणि हरकतींना वेळ लागतो, म्हणून त्या दिवसाच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत आलेलेच अर्ज त्या निवडणुकीला उपयोगी पडतात. कर्नाटकात 2023 च्या विधानसभेला मतदान 10 मे रोजी होते, पण उमेदवारीची शेवटची तारीख 20 एप्रिल होती. म्हणजे मतदाराची खरी मुदत एप्रिलच्या दहा तारखेच्या आसपासच संपली. 2024 च्या लोकसभेला मतदान 7 मे रोजी आणि उमेदवारी 19 एप्रिलपर्यंत, म्हणजे तीच गत. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मतदानाची तारीख ठळक लिहितात. तिच्या वर ही दुसरी तारीख कधी लिहिलेली दिसत नाही.

तरुणांसाठी आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा आहेत. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. तेव्हा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाच्या, म्हणजे बारावीच्या, वर्गातच अर्ज भरून घेतले तर निम्मे काम हलके होईल.

यापुढची गोष्ट अर्जांची, आणि सीमाभागात खरी गल्लत इथेच होते. नमुना 6 फक्त नव्या मतदारासाठी, म्हणजे ज्याचे नाव देशात कुठल्याच यादीत नाही त्याच्यासाठी. चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याची लेक लग्न होऊन उचगाव, कडोलीकडे येते. तिचे नाव माहेरच्या यादीत आधीच असते. सासरची मंडळी सेवा केंद्रात जाऊन तिचा नमुना 6 भरतात, कारण ‘नवीन नाव घालायचे’ म्हटले की तोच पुढे येतो. त्या अर्जात ‘माझे नाव अन्य कोणत्याही मतदारसंघात नाही’ असे प्रतिज्ञापन असते. ते खोटे ठरले तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तिने भरायचा तो नमुना 8. ऑगस्ट 2022 पासून पत्ता बदलण्याचे काम याच अर्जावर होते, मग ते मतदारसंघातल्या मतदारसंघात असो वा महाराष्ट्रातून कर्नाटकात. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो आणि जुन्या ठिकाणचे नाव वगळले जाते. इथून कोल्हापूर-इचलकरंजीला नांदायला वा नोकरीला गेलेल्यांनाही हाच नियम लागू आहे. ‘दोन्हीकडे असू दे, काय बिघडतं’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की एकाच निवडणुकीत दोन मतदारसंघांत मत दिले तर दोन्ही मते बाद होतात.

नमुना 8 मध्ये स्थलांतर, दुरुस्ती, नवे ओळखपत्र आणि अपंगत्वाची नोंद ही चार कामे आहेत, आणि एका अर्जात एकाच कामावर खूण करायची असते. सुनेचा पत्ताही बदलायचा आणि आडनावही, तर आधी स्थलांतराचा अर्ज मंजूर होऊ द्यावा, मग दुरुस्तीचा द्यावा. पत्त्याच्या पुराव्यासाठी तिचे आधार कार्ड आधी बदलायलाच हवे असेही नाही. नवऱ्याचे नाव त्याच पत्त्यावर यादीत असेल तर त्याच्या नावचे वर्षभराचे वीजबिल किंवा पासबुक चालते. हे सांगायला कुणी नसल्यामुळे आधार केंद्राच्या रांगेत महिने जातात आणि मुदत निघून जाते.

आता नावांच्या लेखनाकडे. अर्जात नाव राज्याच्या राजभाषेत आणि इंग्रजीत लिहायचे असते. कन्नडचा रकाना मराठी माणूस रिकामा सोडतो किंवा संगणकावर सोपवतो आणि घोटाळा सुरू होतो. ‘ज्ञानेश्वर’ कन्नडमार्गे इंग्रजीत गेला की त्याच्या सुरुवातीला ‘जे’ येतो, दहावीच्या दाखल्यावर मात्र मराठी रीतीने ‘डी’ असतो. परशरामाचा परशुराम होतो, लक्ष्मीबाईची नुसती लक्ष्मी उरते. मग निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर नावाने शोध घेतला की ‘नोंद नाही’ असे उत्तर येते आणि माणूस घाबरून पुन्हा नमुना 6 भरतो. म्हणून शोध नेहमी ओळखपत्राच्या क्रमांकाने घ्यावा. अर्ज भरताना कन्नड लिहिणाऱ्या शेजाऱ्याकडून तो रकाना स्वतःसमोर लिहून घ्यावा. आणखी एक सोय फार जणांना ठाऊक नाही. नमुन्यांचे क्रमांक आणि रकाने देशभर सारखेच आहेत. महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरचा मराठी नमुना बाजूला ठेवून इथला अर्ज ओळीने भरता येतो. बीएलओंनी, म्हणजे प्रत्येक केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांनी, त्याची एकेक झेरॉक्स पिशवीत ठेवली तर अर्धी समजूत तिथेच पटेल.

यादीवाचनाबद्दल थोडे सविस्तर. प्रारूप, म्हणजे कच्ची, यादी ग्रामसभेत वाचावी ही पद्धत आयोगाचीच आहे. पण बहुतेक ठिकाणी यादी भिंतीला चिकटवली की वाचन झाले असे मानले जाते, तीही कन्नडमध्ये, जी आमच्या कितीतरी म्हाताऱ्यांना वाचता येत नाही. यादीच्या एका भागात, म्हणजे एका मतदान केंद्रापुरत्या यादीत, हजार-बाराशे नावे धरली आणि मिनिटाला दहा वाचली तरी दोन तासांत भाग संपतो. यादी घरक्रमांकाने लावलेली असते, तेव्हा गल्लीवार वाचावी. ‘हे वारले’, ‘ही नांदायला गेली’, ‘आमचा धाकटा यात नाही’ हे लोक आपोआप सांगतात. एकाच घरातली नावे दोन केंद्रांत विखुरलेली असतात तेही तिथेच उघड होते, आणि नमुना 8 ने ती एकत्र आणता येतात. वाचणारा मराठी उच्चार जाणणारा असावा, एवढी अपेक्षा फार नाही.

नाव वगळण्यासाठी नमुना 7 असतो आणि त्या मतदारसंघातला कोणताही मतदार तो दुसऱ्याविरुद्धही देऊ शकतो. कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदमध्ये 2023 च्या निवडणुकीआधी असे 6,018 अर्ज ऑनलाइन आले. तपासात त्यांतले फक्त 24 खरे निघाले. तिथे वेळेत तपास झाला म्हणून निभावले. आपल्याकडे बीएलओंनी नोटीस घरी पोचवून सही घेतल्याशिवाय ‘स्थलांतरित’ असा शेरा मारू नये. नाव चुकीने वगळले गेल्यास 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथेही न्याय न मिळाल्यास 30 दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. मात्र त्यासाठी अर्जाची पोच आणि संदर्भ क्रमांक हाती हवा. तो मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून मागावाच.

जाता जाता एक. खानापूर आणि कित्तूर बेळगाव जिल्ह्यात असले तरी लोकसभेला उत्तर कन्नड मतदारसंघात मोडतात. दर निवडणुकीला खानापूरच्या बाजारात बेळगावच्या उमेदवाराची चर्चा रंगते, त्यावरून हेही सांगण्याची गरज दिसते. तसेच बेळगाव महापालिकेच्या 58 प्रभागांची यादी आणि विधानसभेची भागवार यादी वेगळी असते. एकीत नाव पाहिले म्हणून दुसरीत ते जागेवर असेलच असे नाही.

मतदानाच्या दिवशीचे नियम त्या मानाने सोपे आहेत. मतदार चिठ्ठी ही ओळखीचा पुरावा नव्हे. ओळखपत्र नसल्यास आधार, पॅन, वाहन परवाना, फोटो असलेले पासबुक, रोजगार हमीचे जॉब कार्ड असे बारा पर्याय आहेत. ओळखपत्रातल्या किरकोळ शुद्धलेखनावरून कुणाला परत पाठवता येत नाही. तुमच्या नावावर आधीच कुणी मत दिले असेल तर भांडत बसू नये. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मतपत्रिका मागावी. ती कागदी असते आणि यंत्रात जात नाही. दृष्टिहीन वा दुबळ्या मतदाराला सोबती नेता येतो, पण तो अठरा पूर्ण झालेला हवा आणि त्या दिवशी त्याने आणखी कुणाचा सोबती होता कामा नये. 85 वर्षांवरील व्यक्तींना आणि 40 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येते. त्यासाठीचा नमुना 12-ड निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. ते पाच दिवस कधी सुरू झाले हे म्हाताऱ्या माणसाला वर्तमानपत्रातून कळेपर्यंत दोन गेलेले असतात. तेव्हा प्रत्येक बीएलओने आपल्या भागातल्या अशा घरांची नावे आधीच वहीत लिहून ठेवावीत आणि अधिसूचनेच्या दिवशीच अर्ज घेऊन त्यांच्या दारात जावे.

आपले,
निवडणुकीची कामे केलेले काही निवृत्त शिक्षक व कर्मचारी,
बेळगाव