टाके तुझे, खांदा गिऱ्हाइकाचा

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. तीन पानांतली अडीच पानं नुसत्या तुझ्या कातडी पिशव्यांच्या टाक्यांवर! एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी ओढलेला दोरा, दोऱ्याला मेण किती चोळायचं, भोकं पाडायची आरी तिरकी धरली तर टाका कसा बिघडतो. वाचायला मजा आली. मग शेवटच्या अर्ध्या पानात खरं दुखणं: माणसं येतात, पिशवी हातात घेतात, 'छान आहे' म्हणतात आणि निघून जातात. इतका जीव ओतूनही त्यांना ते कळत कसं नाही, असा तुझा सवाल.

अरे, त्यांना कळायला हवं असं तू धरून चाललास तिथेच गाडी अडलीय. तुला टाक्याचं वेड आहे. गिऱ्हाइकालाही कसली तरी ओढ असते, म्हणून तर ते घरातून निघून तुझ्या दारात आलं. फक्त ती ओढ टाक्याची नसते. तुझ्या आवडीचा धंद्यात खरा उपयोग हा, की माणूस एखाद्या गोष्टीकडे कसा ओढला जातो आणि कशाने मागे फिरतो हे तुला आतून माहीत आहे. तीच नजर समोरच्यावर लाव.

पुढच्या वेळी कोणी आलं की दोन मिनिटं तोंड बंद ठेव आणि फक्त त्याचे हात बघ. पिशवी उचलली की बहुतेक जण आधी चेन उघडतात, लावतात, पुन्हा उघडतात. मग हात आत घालून तळ चाचपतात. काही जण पट्टा जिथे शिवलाय तिथे अंगठ्याने दाबून बघतात. कोणी खांद्याला अडकवून मान वळवतं आणि आरसा शोधतं. कोणी स्वतःचा लॅपटॉप बाहेर काढून पिशवीवर ठेवून बघतं. यातली प्रत्येक हालचाल हा न विचारलेला प्रश्न आहे: चेन अडकेल का, खालून फाटेल का, पट्टा तुटेल का, मला शोभेल का, माझं सामान मावेल का. आणि नेमक्या त्याच वेळी तू सांगत असतोस की हे कातडं झाडाच्या सालीत कमावलेलं आहे!

टाक्याबद्दल बोलूच नको असं मी म्हणत नाही. पट्ट्याच्या जोडावर अंगठा दाबणाऱ्याला एवढंच सांग: 'यातला एक टाका तुटला तरी शेजारचे टाके धरून ठेवतात, पट्टा एकदम सुटून लॅपटॉप खाली पडणार नाही.' मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की पुढचे टाके सैल पडत जातात. तुझ्या शिलाईत तसं होत नाही. मुद्दा तुझा तोच राहतो, पण आता तो त्याच्या काळजीचं उत्तर होतो. 'हे कसं केलंत?' असं आपणहून विचारणारा मात्र तुझ्याच जातकुळीचा. त्याला आरीपासून मेणापर्यंत सगळं सांग, हवं तर चहा संपेपर्यंत.

आता वहीचं काम. दोनशे पानी साधी वही घे, गल्ल्याजवळ ठेव. माणूस बाहेर पडला की दहा मिनिटांच्या आत लिहायचं; रात्रीपर्यंत थांबलास तर त्याचे शब्द जाऊन तुझे शब्द येतील. लिहायच्या गोष्टी पाच. काय घडलं म्हणून निघाला? आतापर्यंत काय वापरत होता? दुसरीकडे काय बघितलं? कशापाशी घुटमळला? घेतलं की नाही? नाव नसलं तरी चालेल.

यात सगळ्यात जास्त चुका पहिल्या प्रश्नात होतात. 'का घेताय?' असं विचारलंस की माणूस शोभेल असं कारण देतो: दर्जा, टिकाऊपणा, हातकामाला प्रोत्साहन. ही सगळी पाहुण्यांसमोरची उत्तरं. त्याऐवजी 'नवीन पिशवी घ्यायची हे कधी ठरलं?' असं विचार. 'कधी' विचारलं की माणूस आठवायला लागतो, आणि आठवताना खरं बाहेर येतं. जुन्या पिशवीची चेन भर मीटिंगमध्ये निघाली. नोकरी बदलली आणि कॉलेजातली सॅक नव्या ऑफिसात न्यायला लाज वाटायला लागली. बहिणीला भेट द्यायची आहे आणि दोनच दिवस उरलेत. ही तिन्ही माणसं एकाच पिशवीकडे बघत असली तरी तीन वेगळ्या वस्तू विकत घेतायत. पहिल्याला चेन दहादा उघडून दाखव. दुसऱ्याला आरसा दे. तिसऱ्याला आधी खोक्यात बांधून मिळेल का आणि बहिणीला आवडली नाही तर बदलून मिळेल का ते सांग, कातड्याचं नंतर.

दुसरी चूक म्हणजे भाषांतर. तो म्हणाला, 'सारखं सारखं चेनचं लफडं', आणि तू वहीत लिहिलंस 'दर्जाबाबत असमाधानी'. झालं, नोंद वाया गेली. त्याचेच शब्द लिही, शिवीसकट. उद्या दुकानात पाटी लावायची वेळ आली की हेच शब्द कामाला येतील. तिसरी चूक, मित्र आणि नातेवाईक मोजणं. ते पिशवीसाठी येत नाहीत, तुझ्यासाठी येतात.

रिकाम्या हाताने गेलेल्यांच्या नोंदी जास्त मोलाच्या, आणि त्याच लिहायचा आपण कंटाळा करतो. पंधरा-वीस नोंदी झाल्या की पेन्सिल घेऊन बस आणि प्रत्येकीत चार गोष्टींवर खूण कर: जुन्यातलं काय टोचत होतं, नव्यातलं काय ओढत होतं, भीती कसली होती, आणि सवय कुठे आड आली. तू आजवर फक्त ओढणाऱ्या गोष्टीवर मेहनत घेतलीस. माझा अंदाज असा की माणसं परत जातात ती भीतीमुळे: 'पावसात भिजली तर?', 'महिन्याभरात जड वाटायला लागली तर?' या भीतीवर आणखी सुंदर टाका हा उपाय नाही. पावसाचं उत्तर चार ओळींच्या कागदावर मावतं, आणि वजनाचं उत्तर म्हणजे पिशवीत दोन जाड पुस्तकं घालून दुकानात चार फेऱ्या मारायला लावणं.

सूट द्यावी का, असं तू विचारलंस. आधी आकडा बघ. विक्रीच्या शंभरातले चाळीस तुला उरत असतील आणि तू वीस टक्के सूट दिलीस, तर वीसच उरतात. म्हणजे तेवढीच कमाई करायला दुप्पट पिशव्या विकाव्या लागतील. कारखान्याला ते जमेल, दोन हातांना नाही.

त्याहून नाजूक गोष्ट ओढीची. १९७३ साली स्टॅनफर्डच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी मुळातच चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर बक्षीस मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. न सांगता बक्षीस मिळालेल्यांची आवड तशीच टिकली होती. मुलं आणि गिऱ्हाईक एक नव्हेत हे मान्य. पण ज्याला तुझी वस्तू आधीच आवडलीय, त्याच्यापुढे आधीच सवलतीची पाटी नाचवलीस तर तो वस्तूऐवजी पाटीकडे बघायला शिकतो, आणि पुढच्या वेळी पाटीची वाट बघतो. म्हणून द्यायचं ते न सांगता दे. पैसे देऊन झाले, पिशवी बांधून झाली, की उरलेल्या कातड्याचा किल्ल्यांचा पट्टा आत टाक. जाहिरात करू नको आणि प्रत्येकाला देऊही नको, नाहीतर तोही हक्क होऊन बसेल.

आता शिक्क्यांचं कार्ड. 'आठ खरेद्यांवर एक मोफत' ही कल्पना तू कुठून उचललीस कोण जाणे! तुझी पिशवी नीट शिवलेली असेल तर माणूस दोन-चार वर्षं परत येणार नाही. आठ शिक्के पुरे व्हायला त्याला नातवंडं होतील. पण त्या कार्डांवर झालेलं एक काम तुझ्या उपयोगाचं आहे. जोसेफ न्यून्स आणि झेविअर ड्रेझ या दोघांनी अमेरिकेतल्या एका कार धुण्याच्या केंद्रात तीनशे कार्डं वाटली. २००६ मध्ये ते छापून आलं. निम्म्या कार्डांवर आठ रिकामे चौकोन होते. निम्म्यांवर दहा होते, पण त्यातल्या दोनांवर आधीच शिक्का मारलेला. दोन्हींना आठच वेळा यायचं होतं. पहिली कार्डं १९ टक्के लोकांनी पूर्ण केली, दुसरी ३४ टक्के लोकांनी. सुरुवात झालेली दिसली की माणूस पुढे सरकतो.

तुझ्याकडे हे असं करता येईल. प्रत्येक पिशवीबरोबर निगेचं कार्ड दे. त्यावर चार चौकोन: पहिलं तेलपाणी, सहा महिन्यांनंतरचं, वर्षाचं, दीड वर्षाचं. पहिलं तू त्याच्यासमोर कर. सुती फडक्यावर थेंबभर घेऊन पातळ चोळायचं. जास्त झालं तर कातडं चिकट आणि मऊ पडतं आणि त्यावर धूळ बसते. मग पहिल्या चौकोनात तारीख घालून कार्ड दे. आता दारातून बाहेर पडतानाच त्याचं काम सुरू झालेलं आहे. सहा महिन्यांनी तो आला की पट्ट्याचा जोड, कडा आणि चेन तुझ्या नजरेखालून जाईल, आणि त्याला काय खुपतंय ते तुझ्या वहीत येईल.

त्याच कार्डाच्या मागे ते चार ओळींचं सांग. सालीत कमावलेलं कातडं उन्हाने आणि हाताळण्याने गडद होतं. पाण्याचा थेंब पडला तर डाग राहतो. पूर्ण भिजली तर आत कागद कोंबून सावलीत वाळव, उन्हात किंवा हीटरजवळ नको, कातडं कडक होऊन तडकतं. नखाचे हलके ओरखडे बोटाने चोळले की बरेचसे जिरतात. हे आधी सांगितलंस तर डाग पडल्यावर माणूस म्हणतो, 'सांगितलं होतं यांनी.' नाही सांगितलंस तर आठव्या दिवशी तो दारात उभा.

कानो नावाच्या जपानी प्राध्यापकांनी १९८४ मध्ये मांडलेली एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती तुझ्या चेनला लागू पडते. वस्तूतल्या काही गोष्टी चांगल्या असल्या तर कोणी दखल घेत नाही, पण बिघडल्या तर संताप येतो. काही नसल्या तर कोणाला चुकल्यासारखं वाटत नाही, असल्या तर खूश होतात. ओळखायला प्रत्येक गोष्टीबद्दल दोन प्रश्न विचारायचे: हे असलं तर कसं वाटेल, आणि नसलं तर? चकचकीत घासलेली कड दुसऱ्या गटातली. चेन, वेळेवर माल आणि उचललेला फोन पहिल्या गटातले. वेड्या कारागिराची खोड अशी की तो कडेवर चार तास घालवतो आणि चेन मिळेल ती लावतो, कारण चेन 'आपली' नाही, बाहेरून आणलेली. गिऱ्हाइकाच्या हाताला मात्र दिवसातून वीसदा तीच लागते.

राहिली तक्रार. रॉबर्ट व्हॅलरँड या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने २००३ मध्ये आवडीचे दोन प्रकार सांगितले. एक आवड आपण धरलेली असते, ती बाकीच्या आयुष्यात नीट बसते. दुसरीने आपल्याला धरलेलं असतं, आणि तिला धक्का लागला की आपल्यालाच लागतो. तुझी दुसऱ्या प्रकाराकडे झुकते, हे तुला सांगायचा हक्क मला आहे. पिशवीबद्दल कोणी काही बोललं की तू पिशवीची वकिली सुरू करतोस. म्हणून तक्रार आली की आधी त्याच्याच शब्दांत वहीत लिही आणि त्याला वाचून दाखव. मग काय करणार ते एका ओळीत, कधीपर्यंत ते दुसऱ्या ओळीत. कारणं द्यायची नाहीत. चूक त्याची असली तरी कारण दुरुस्तीनंतर, आणि विचारलं तरच.

वहीची पहिली पंधरा पानं भरली की फोटो पाठव, अक्षर जरा लागेल असं काढ. आणि आरसा आजच लाव. तोंडापुरता नको, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत दिसेल एवढा. खिडकीच्या समोरासमोर टांगू नको, उजेड पाठीमागून आला की माणूस काळा दिसतो आणि पिशवीही. खिडकी बाजूला येईल अशा भिंतीवर टांग.

तुझा,
अविनाश