ताई, त्या दिवशी तुम्ही माझा मुलगा माझ्या हवाली केला नाहीत, त्याबद्दल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

मी ठाणे स्टेशन ते लोकमान्य नगर शेअर रिक्षा चालवतो. तुमच्या हाताखालून इतकी मुलं गेली, त्यात सगळ्यांचे आईबाप कुठे लक्षात राहणार. पण टेबलावर हात आपटून "माझा पोरगा आहे, तुम्ही कोण मला अडवणार?" असं ओरडलेला बाप कदाचित आठवत असेल. तो मी. 2019 चा जून होता, शाळा नुकत्याच उघडल्या होत्या.

आदल्या रात्री मी त्याला मारलं होतं. वह्यांसाठी 200 रुपये दिले होते, वह्या आल्या नव्हत्या. पैसे कुठे गेले विचारलं तर हा नुसता ओठ हलवत उभा. लहानपणापासून अडखळतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण बारा तास हँडल धरून घरी आलेल्या माणसाला समोरचं पोर गप्प दिसलं की ते माजलंय असंच वाटतं. पैसे दप्तरातच होते, दुकान बंद होतं. एवढंच त्याला सांगायचं होतं आणि तेवढा वेळ मी दिला नाही.

तो घरातून गेला ते आम्हाला कळलंच नाही. कल्याणला रात्री दीडच्या सुमाराला फलाटावर एकटा सापडला. नाव विचारलं तर शब्द फुटेना, म्हणून लोकांना वाटलं मुका आहे. कोणीतरी 1098 लावला, अडचणीतल्या मुलांसाठीचा मदतीचा नंबर, आणि त्यांच्याकडून तुम्ही आलात. तुम्ही त्याला काही विचारलंच नाहीत म्हणे. आधी पाण्याची बाटली दिलीत, मग वही आणि पेन पुढे सरकवलंत. त्याने नाव लिहिलं, शाळा लिहिली, आईचा मोबाईल नंबर लिहिला. त्याखाली लिहिलं, "आईला सांगा. बाबांना नको." ते पान मी पुढे कधीतरी पाहिलं. तोवर मला वाटत होतं की घरात सगळे माझा आदर करतात.

सकाळी आम्ही दोघं धावत आलो. मला वाटलं होतं, सही करायची आणि पोराला घेऊन निघायचं. तुम्ही म्हणालात, "दादा, आज नाही." मूल सापडलं की चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं, 2015 चा बाल न्याय कायदा तसं सांगतो, आणि मूल कुठे राहील ते समिती ठरवते, हे तुम्ही मला तीनदा समजावलंत. मला तेव्हा कायदा ऐकायचा नव्हता. तोंडाला येईल ते बोललो. तुम्ही आवाज चढवला नाहीत आणि मागेही हटला नाहीत.

समितीपुढे त्याला विचारलं, "घरी जायचंय का?" तो सुरू झाला, "म… म…" सवयीप्रमाणे मीच बोलायला तोंड उघडलं, "हो मॅडम, त्याला यायचंय." तुम्ही हात आडवा केलात. "थांबा दादा. त्याला बोलू द्या." मग कोणीच काही बोलेना. पंख्याचा आवाज येत होता. त्याची मान ताणली गेली, डोळे मिटले, हाताची मूठ वळली. मला ते बघवेना. तेरा वर्षांत मी एकदाही एवढा वेळ थांबलो नव्हतो, म्हणून त्याला बोलायला किती जोर लावावा लागतो ते मी पहिल्यांदाच बघितलं. शेवटी वाक्य आलं. "म… मारणार नसतील तर."

तो नऊ दिवस बालगृहात राहिला. तेवढ्यात तुम्ही गृहभेटीला आलात. बायकोने खुर्ची पुढे केली, तुम्ही खाली चटईवर बसलात, धाकटीशी बोललात, शेजारच्या मावशींकडेही जाऊन आलात. दारामागे खुंटीला गॅसची जुनी नळी टांगलेली होती. तुमची नजर तिथे गेली. "ही कशाला ठेवलीय?" मी म्हणालो, जुनी आहे, राहिलीय. तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि माझ्याकडे बघत राहिलात. माझी मान आपोआप खाली गेली. तुम्ही गेल्यावर बायकोने ती नळी काढली आणि कचऱ्याच्या गाडीत टाकून आली. मला विचारलं नाही. बरं केलं.

शाळेचं तर आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. हजेरीच्या वेळी त्याला "हजर" म्हणता येईना, पोरं हसायची, आणि पुढचं नाव घेतलं जायचं. त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागायची. वर्गात बसलेला मुलगा गैरहजर! तुम्ही शाळेत गेलात, शांतपणे सांगितलंत की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमात मुलाला मारायलाही बंदी आहे आणि त्याचा मानसिक छळ करायलाही. भांडण केलं नाहीत. एवढंच मागून घेतलंत की त्याने हात वर केला तरी हजेरी धरावी. दुसऱ्या दिवसापासून तो हात वर करू लागला. आम्ही आईबाप आठ वर्षं त्या शाळेत जात होतो, आमच्या डोक्यात हे आलं नाही.

वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचेवर उपचार होतात हेही तुमच्याकडूनच कळलं. महिन्यातून दोनदा बायको त्याला घेऊन दादरला गाडी बदलून जायची. ज्या दिवशी तिच्या कामाच्या घरून सुट्टी मिळायची नाही, त्या दिवशी मी रिक्षा उभी करायचो. तिथल्या बाईंनी मला सांगितलं, त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. तुम्ही आधीच सांगितलेलं तेच.

तुम्ही वर्षभर येत राहिलात. मूल घरी पोचवलं, फाईल बंद केली, असं तुम्ही केलं नाहीत. 2020 मध्ये लॉकडाऊन लागला, रिक्षा दारात उभी, घरात पैसा नाही, अशा वेळी तुमच्या संस्थेने धान्य पाठवलं. त्यापेक्षा मला तुमचा फोन जास्त आठवतो. तुम्ही म्हणालात, "दादा, घरात सगळे कोंडलेत, चिडचिड होणार. हात उठतोय असं वाटलं तर आधी मला फोन करा." दोनदा केला होता. तुम्ही दोन्ही वेळा उचललात.

समाजमंदिरातल्या पालकसभेत तुम्ही एकदा सांगितलं होतं की संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार 1989 चा, भारताने तो 1992 मध्ये मान्य केला, आणि त्याच्या बाराव्या कलमात मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायचा हक्क लिहिलाय. मागे बसलेले काही बाप हसले. मी हसलो नाही. करार कुठे झाला ते मला माहीत नाही, पण ते कलम मी पंख्याखाली बसून बघितलं होतं.

एक मला मनापासून वाटतं ते लिहितो. तुमच्यासारख्यांना लोक "समाजसेवा करतात" म्हणून मोकळे होतात. रात्री दीडला कल्याणच्या फलाटावर जाणं हे काम आहे, आणि त्याचा पगार तुम्हाला किती मिळायचा ते आता मला कळलंय. 1996 मध्ये मुंबईत सुरू झालेला तो 1098 नंबर 2023 मध्ये सरकारी यंत्रणेकडे गेला, तुमचं काम बदललं. वस्तीत तुम्ही घेता तो वर्ग बघितला. तिथेही मुलं बोलतात आणि तुम्ही गप्प असता.

पोराची खबर देतो. वागळे इस्टेटच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स पूर्ण केला. आता रबाळे एमआयडीसीत शिकाऊ उमेदवार म्हणून लागलाय. अडखळणं गेलेलं नाही. फोन केला की पहिला शब्द यायला वेळ लागतो. तेव्हा मी रिक्षा बाजूला घेतो, मागचे प्रवासी कुरकुर करतात, करू देत.

त्याच्या पहिल्या पगारातून त्याने तुमच्यासाठी काहीतरी घेतलंय, मला दाखवत नाही. रविवारी तुमच्या वर्गावर येतो म्हणतो. आभार मीच मानतो, तू नुसता सोबत उभा राहा, असं मी म्हटलं, तर नको म्हणाला. स्वतःच बोलणार आहे. वेळ लागेल त्याला, ताई.

तुमचा भाऊ,
लोकमान्य नगर, ठाणे